बायबल अचूक आहे म्हणजे नेमकं काय? पौलाच्या विसरण्याबद्दल

रानवाट (मूळ धागा)

बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १, वचन १४ पासून वाचा. करिंथ शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, फाटाफूट झाली आहे. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. पौल चिडला आहे आणि त्या भरात म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यातल्या कोणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही, देवाची कृपा! एक वाक्य जातं न जातं तोच म्हणतो, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणि मग, याखेरीज आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही.

पौल पत्रं सांगायचा आणि लेखनिक लिहायचा. या पत्राच्या शेवटी 'हा सलाम मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो' असं आहे, म्हणजे बाकीचं दुसऱ्याच्या हातचं. त्याच शेवटच्या अध्यायात कळतं की स्तेफन तेव्हा पौलाकडे आलेला होता. माझी आपली अटकळ अशी, की स्तेफन तिथेच बसलेला असावा आणि 'अहो, आमचा केलात की' असं त्यानेच म्हटलं असावं. ते काही असो. लेखनिकाला मागचं वाक्य खोडून नीट लिहिता आलं असतं. त्याने खोडलं नाही. करिंथच्या मंडळीने पत्र जपलं, पुढे शतकानुशतकं नकला होत राहिल्या, पण हे अडखळणं कोणी गुळगुळीत केलं नाही.

आता हे 'देवप्रेरित' शास्त्र आहे, असं मी मनापासून मानतो. रोज वाचतो, त्यावर प्रार्थना करतो. माझा प्रश्न एवढाच आहे, की पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिलेल्या मजकुरात माणसाची स्मरणशक्ती दगा देते आणि ते तसंच राहतं, तर 'बायबलमध्ये एकही चूक नाही' हे वाक्य आपण कोणत्या अर्थाने उच्चारतो?

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शास्त्र विश्वासार्ह आहे हे ख्रिस्ती मंडळी पहिल्यापासून मानत आली. पण आज आपल्या अनेक मंडळ्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात 'मूळ हस्तलिखितांत पूर्णपणे निर्दोष' अशी जी शब्दरचना असते, तिचा इतिहास बराचसा अमेरिकन आहे. प्रिन्स्टन या अमेरिकन सेमिनरीच्या परंपरेतल्या ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड यांनी १८८१ साली 'प्रेरणा' या विषयावर एकत्र लेख लिहिला आणि त्यात ही बाजू नेटकेपणाने मांडली. ज्या त्रैमासिकात तो आला त्याचे एक संपादक होते चार्ल्स ब्रिग्ज, न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतले (पाळक घडवणाऱ्या विद्यालयातले) जुन्या कराराचे प्राध्यापक. त्यांना हे अजिबात पटलं नाही. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलं की शास्त्रात चुका आहेत आणि त्यामुळे त्याचा अधिकार कमी होत नाही. त्यावरून खटला उभा राहिला आणि १८९३ मध्ये प्रेस्बिटेरियन महासभेने त्यांना पाळकपदावरून निलंबित केलं. पुढे ते एपिस्कोपल चर्चमध्ये गेले.

मग १९७८ चा ऑक्टोबर. शिकागोत विमानतळाजवळच्या हॉटेलात दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणारे प्रोटेस्टंट) पुढारी जमले आणि १९ कलमांचं निवेदन निघालं. जे. आय. पॅकर, आर. सी. स्प्राउल, फ्रान्सिस शेफर अशी वजनदार नावं त्याखाली आहेत. त्याचं दहावं कलम म्हणतं की प्रेरणा काटेकोरपणे फक्त मूळ लेखकाच्या हातच्या प्रतीला लागू होते. अशी एकही प्रत आज जगात नाही.

मला वाटतं, जे पुस्तक कोणाच्याही हातात नाही त्याला निर्दोष ठरवण्यात आपण इतके गुंतलो, की जे हातात आहे ते कसं बोलतं याकडे लक्ष राहिलं नाही. मतं वेगळी असणारच. मोकळेपणाने लिहा.

---

दृढपाया

रानवाट ब्रदर, सलाम. कळकळीने लिहिलंत म्हणून तसंच उत्तर देतो.

पौलाने खोटं लिहिलं नाही. पहिलं विधान अपुरं होतं, ते त्याने लागलीच पुरं केलं, आणि पुढे आठवत नाही हेही खरंच सांगितलं. माणसाला आठवत नव्हतं याची खरी नोंद शास्त्रात आहे, यात चूक कुठे आली? शिकागो निवेदनाचं तेरावं कलमही वाचा. आधुनिक तांत्रिक काटेकोरपणा नसणं, व्याकरणाचे दोष, पूर्णांकात सांगितलेले आकडे, घटनांचा क्रम बदलणं, यांना ते चूक मानतच नाही. आठवं कलम सांगतं की देवाने प्रत्येक लेखकाचा स्वभाव आणि शैली वापरली. आणि एकोणिसावं स्पष्ट म्हणतं की तारणासाठी ही भूमिका मानणं आवश्यक नाही. लोक हे निवेदन न वाचताच त्याला झोडपतात.

मूळ प्रतींबद्दल. हा १८८१ मध्ये काढलेला पळवाटीचा शोध नाही. मंडळीचा जुना आचार्य ऑगस्टिन याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बायबलचा भाषांतरकार जेरोम याला लिहिलेलं पत्र आहे. तो म्हणतो, शास्त्रात सत्याविरुद्ध काही दिसलं तर मी तीनच गोष्टी मानतो: प्रत सदोष आहे, भाषांतरकाराला अर्थ कळला नाही, किंवा मला कळला नाही. ही मंडळीची जुनी वहिवाट आहे.

आणि माझा खरा प्रश्न. एकदा 'इथे लेखक चुकला' म्हटलं की थांबायचं कुठे? आज अब्याथार, उद्या पुनरुत्थान. ती रेघ कोण मारणार, तुम्ही की मी?

---

निरंजना_प

अब्याथारचं काय आहे? कोणी समजावून सांगेल का? मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतेय.

---

वसईचा_वारा

निरंजनाताई, मी सांगतो, कारण आमच्या कॅथलिक बाजूला या एका नावाने मोठीच उलथापालथ केली.

मार्क २:२६ मध्ये येशू म्हणतो की अब्याथार मुख्य याजक असताना दावीद देवाच्या घरात गेला आणि त्याने समर्पित भाकरी खाल्ल्या. मूळ गोष्ट १ शमुवेल २१ मध्ये आहे आणि तिथे याजक आहे अहीमलेख. अब्याथार हा त्याचा मुलगा, तो पुढच्या अध्यायात येतो. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण दोघेही अब्याथारचं नाव गाळतात.

आता १९६४ चा २ ऑक्टोबर. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, चालू होती, दैवी प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजाची चर्चा होती. आधीच्या मसुद्यांचा सूर असा, की शास्त्रात कसलीच चूक नाही. व्हिएन्नाचे कार्डिनल फ्रान्झ क्योनिग उठले आणि साऱ्या जगातल्या बिशपांसमोर त्यांनी उदाहरणंच ठेवली. एक हा अब्याथार. दुसरं मत्तय २७:९, जिथे यिर्मयाच्या नावावर दिलेलं वचन बरंचसं जखऱ्यातलं आहे. तिसरं दानिएलच्या पहिल्याच वचनातलं, यहोयाकीमच्या तिसऱ्या वर्षी यरुशलेमला वेढा पडल्याचं सालगणित. इतिहास आणि निसर्गविज्ञानाच्या बाबतीत पवित्र ग्रंथ कधीकधी सत्यापासून ढळतात, हे कार्डिनलने भर सभेत सांगितलं. कोणी त्यांना पाखंडी ठरवलं नाही. १८ नोव्हेंबर १९६५ ला दस्तऐवज २,३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्याचं अकरावं कलम म्हणतं, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य ग्रंथांत यायला हवं होतं ते शास्त्र ठामपणे, विश्वासूपणे आणि चुकीविना शिकवतं.

हे वाक्य सहज जमलं नाही. 'तारणासाठी' या भागाच्या शब्दयोजनेवर शेवटच्या आठवड्यांपर्यंत ओढाताण होती, पोप पॉल सहावे यांनी स्वतः त्यात लक्ष घातलं. आजही आमच्याकडे काही जण ते कलम घट्ट वाचतात आणि काही जण सैल. दृढपाया, तुम्ही रेघ कोण मारणार विचारलंत. हे कलम रेघ मारत नाही, हे मला मान्य आहे. पण ते प्रश्न बदलतं. अब्याथार की अहीमलेख यावर माझं तारण अवलंबून आहे का, असा प्रश्न ते विचारायला लावतं.

---

दृढपाया

अब्याथारच्या 'काळात' असा अर्थ घेतला तर अडचण राहत नाही. तो त्या वेळी हयात होता आणि पुढे त्याचंच नाव गाजलं. आपणही 'पंतप्रधान नेहरू १९४२ मध्ये तुरुंगात होते' असं बोलून जातो, तेव्हा ते पंतप्रधान नव्हते म्हणून कोणी टोकत नाही. मत्तयाच्या वचनातही यिर्मयाच्या कुंभाराचे आणि शेताचे धागे आहेतच, त्यामुळे त्याचं नाव अगदीच वाऱ्यावरचं नाही.

---

जुनी_पोथी

नेहरूंचं उदाहरण चांगलं आहे. पण जुन्या नकलाकारांना ते पुरेसं वाटलं नाही एवढं दिसतं. बेझा कोडेक्स या जुन्या हस्तलिखितामध्ये मार्कच्या त्या वचनातून अब्याथारचा उल्लेखच उडवला आहे. आणि यिर्मयाच्या नावाबद्दल खुद्द प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने आपल्या भाष्यात म्हटलं आहे की ते तिथे कसं आलं मला ठाऊक नाही आणि मी त्याची फार चिंताही करत नाही. शास्त्राच्या अधिकाराबद्दल कॅल्विनइतका कडक माणूस शोधून सापडायचा नाही, पण त्याची श्रद्धा या नावावर टांगलेली नव्हती.

हस्तलिखितांवर मी थोडं काम केलंय, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्हॅटिकन ग्रंथालयात चौथ्या शतकातली ग्रीक पोथी आहे, बायबलच्या सर्वांत जुन्या जवळजवळ पूर्ण प्रतींपैकी एक. तीत इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या वचनापाशी, कोणा नंतरच्या वाचकाने एक शब्द खोडून दुरुस्त केला. आणखी काही काळाने तिसऱ्या एकाने तो जुना शब्द परत आणला आणि समासात लिहून ठेवलं: अरे मूर्खा, दुष्टा, जुनं आहे तसं राहू दे, बदलू नकोस! गंमत नाही, ही पोटतिडीक आहे. शब्दाशी प्रामाणिक राहायचं म्हणून रागावलेला माणूस पानाच्या कडेला आजही दिसतो. आणि असंही की ज्याला तो ओरडतो त्याचा शब्दच आज बहुतेक अभ्यासक मूळचा मानतात. म्हणजे कळकळ खरी, निर्णय चुकीचा. शास्त्र आपल्यापर्यंत अशाच हातांनी आलं.

'मूळ प्रत' ही कल्पनाही मला अवघड वाटते. यिर्मया ३६ काढा. नववा महिना, राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या घरात बसलाय, समोर शेगडी पेटलेली. गुंडाळी वाचली जातेय. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत करत सगळी गुंडाळी जळते. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि अध्यायाचं शेवटचं वचन म्हणतं की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी त्यात वाढवल्या. आता मूळ प्रत कोणती, जळालेली की वाढवलेली? यिर्मयाचं ग्रीक भाषांतर हिब्रू मजकुरापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या तुकड्यांत त्या लहान रूपाशी जुळणारा हिब्रू मजकूरही मिळाला, म्हणजे दोन्ही रूपं हिब्रूतच एकेकाळी नांदत होती. यातलं निर्दोष कोणतं, हे विचारण्यात मला अर्थ दिसत नाही. मंडळीने दोन्ही वाचली.

---

दृढपाया

जुनी_पोथी, माहितीबद्दल मनापासून आभार. पण त्याच कुमरानने यशयाची पूर्ण ६६ अध्यायांची गुंडाळीही दिली. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी, तरी आशयात फरक किती थोडा! देवाने वचन राखलं याचा तो पुरावा आहे. यिर्मया ३६ मध्येही राजा जाळतो आणि देव परत लिहवून घेतो. मी तो अध्याय वाचतो तेव्हा मला माणसाच्या चुकीपेक्षा देवाचा निग्रह दिसतो.

---

रानवाट

तो मलाही दिसतो. इथे आपण एकाच बाकावर आहोत.

'थांबायचं कुठे' याचं उत्तर राहिलं होतं. अब्याथार सोडला की पुनरुत्थानही सुटतं, हे तेव्हाच खरं जेव्हा दोन्हींवरचा आपला विश्वास एकाच खुंटीला अडकवलेला असतो, म्हणजे 'या पुस्तकात चूक असूच शकत नाही' या खुंटीला. पौल असं करत नाही. १ करिंथ १५ मध्ये तो नावं घेतो. केफा, बारा जण, पाचशेहून अधिक भाऊ, त्यातले बहुतेक अजून हयात, मग याकोब, शेवटी मी. तो साक्षीदार उभे करतो. लूकही पहिल्या चार वचनांत सांगतो की मी मुळापासून शोध घेऊन क्रमवार लिहिलंय. त्याने श्रम केले, विचारपूस केली. साक्षीदाराच्या बारीकसारीक तपशिलात फरक निघाला म्हणून न्यायाधीश सगळी साक्ष फेकून देत नाही. रेघ अर्थातच प्रत्येक ठिकाणी विचार करून, मंडळीसोबत, प्रार्थनेने मारावी लागते. ते कष्टाचं आहे. पण 'चूक नाही' म्हणणाऱ्यालाही ते कष्ट चुकत नाहीत. कोणता आकडा पूर्णांकात, कोणतं वर्णन काव्य, कोणती दृष्टान्तकथा, हे तेरावं कलम हातात घेऊन तोही ठरवतच असतो.

---

दूरदेशी

मी नोकरीमुळे दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारित्झबर्गला राहतो. या विषयावरचा एक मोठा वाद या शहराच्या आसपास घडला, आणि तुमच्या चर्चेत त्याची एक बाजू सुटतेय असं वाटलं म्हणून लिहितो.

जॉन विल्यम कोलेन्सो १८५३ मध्ये नाताळचे अँग्लिकन बिशप झाले. मूळचा गणिताचा माणूस, इंग्लंडमध्ये त्यांची अंकगणिताची पाठ्यपुस्तकं शाळाशाळांत चालत. इथे आल्यावर झुलू शिकले आणि बायबलचं भाषांतर करू लागले. विल्यम न्गिदी नावाचे झुलू ख्रिस्ती गृहस्थ त्यांचे सहकारी. नोहाच्या जलप्रलयाचं भाषांतर करताना कोलेन्सोंना विचारण्यात आलं, हे सगळं खरंच घडलं का? इतके प्राणी, उष्ण देशातले, थंड देशातले, सगळे एका तारवात? कोलेन्सोंनी लिहिलंय की प्रभूच्या नावाने खोटं बोलायला त्यांची जीभ धजावली नाही.

मग त्यांनी मोशेची पाच पुस्तकं गणितज्ञाच्या नजरेने तपासली आणि १८६२ पासून खंड छापू लागले. त्यांच्या धर्तीचं एक उदाहरण तुम्हीही करून पाहा. गणना १:४६ प्रमाणे वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०. गणना ३:४३ प्रमाणे प्रथम जन्मलेले सगळे नर २२,२७३. म्हणजे दर सत्तावीस प्रौढ पुरुषांमागे एकच थोरला मुलगा! मुलं धरली तर प्रमाण आणखी वाढतं. घरटी किती मुलगे होते म्हणायचे?

पण आकडे बाजूला ठेवा. मला कायम अस्वस्थ करतं ते निर्गम २१:२०–२१. मालकाने दासाला काठीने मारलं आणि तो दोनएक दिवस जगून मेला, तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास त्याचं धन आहे. हे शब्द झुलूत आणताना आपल्या सहकाऱ्याला किती किळस आली ते कधी विसरणार नाही, असं कोलेन्सोंनी नोंदवलंय. दयाळू परमेश्वर असं बोलेल? त्या माणसाच्या अंतःकरणाने जे ओळखलं ते बिशपने ऐकलं. लोकांनी त्यावर टिंगल केली, की बिशप धर्मांतर करायला गेला आणि झुलूनेच त्याचं धर्मांतर केलं. केपटाउनच्या बिशप ग्रे यांनी १८६३ मध्ये त्यांना पदच्युत ठरवलं, १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने) तो निकाल रद्द केला. त्यांनी पद सोडलं नाही. पुढे १८७४ मध्ये ह्लुबी प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर वसाहत सरकारने अन्यायाचा खटला चालवला तेव्हा गोऱ्या समाजाशी वैर पत्करून हेच बिशप त्यांच्या बाजूने उभे राहिले.

नावातली आणि आकड्यांतली चूक हा सोपा भाग आहे हो. खरा प्रश्न हा, की देवाच्या तोंडी घातलेलं एखादं वाक्य अन्यायाचं असेल तर काय करायचं? अमेरिकेच्या दक्षिणेतले पाळक १८६१ च्या आधी 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा' हे वचन अक्षरशः धरून गुलामगिरीचं समर्थन करत होते. वचनात फेरफार केला नव्हता त्यांनी.

---

दृढपाया

दूरदेशी, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. निर्गम २१ चा तो भाग मी उपासनेत कधी वाचलेला नाही, हे खरं आहे. मी त्याला त्या काळच्या कठोर हृदयांसाठी घातलेला लगाम मानतो, जसं येशूने सूटपत्राबद्दल (घटस्फोटाबद्दल) मत्तय १९ मध्ये म्हटलं. पण एक आठवण करून देतो. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य घालवणारा विल्बरफोर्सही याच बायबलला देवाचं वचन मानून लढला. पंडिता रमाबाई बघा. इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका बील बाईंशी त्यांनी पत्रांतून वाद घातला, चर्चचे मतांगीकार, म्हणजे ठरलेली श्रद्धासूत्रं, डोळे मिटून मान्य केले नाहीत. पण शास्त्र त्यांनी हातचं सोडलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सगळं बायबल मराठीत आणलं, मुक्ती मिशनच्या बायकांनी ते छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, काम तेव्हा नुकतंच हातावेगळं झालं होतं. विश्वास नसता तर कोण असे कष्ट घेईल?

---

रानवाट

रमाबाईंचं नाव काढलंत ते फार बरं केलंत. चर्चने काय मानावं यावर 'माझी सदसद्विवेकबुद्धी' म्हणून ठाम राहणारी बाई, आणि तीच आयुष्याची शेवटची वर्षं एकेका हिब्रू वचनावर घालवते. आपण इथे ज्या दोन टोकांवर भांडतोय ती दोन्ही तिच्यात सुखाने होती.

दूरदेशी, धागा सुरू करताना मी मुद्दाम सोपं उदाहरण घेतलं होतं. तुम्ही अवघड ते पुढे आणलंत. माझं मत असं की येशू स्वतः मोशेच्या नियमाला 'तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिलेला' म्हणतो, म्हणजे शास्त्रात माणसाच्या मर्यादेचा ठसा आहे हे तोच दाखवतो. दृढपाया त्याला लगाम म्हणतात, मी मर्यादा म्हणतो. दास हा धन्याचं धन आहे हे वाक्य देवाच्या मनातलं आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

---

मीमांसक

मी संस्कृतचा विद्यार्थी. बाहेरून एकच निरीक्षण. पूर्वमीमांसा हे वेदांच्या अर्थाचं दर्शन म्हणतं की शब्दातला दोष हा बोलणाऱ्या पुरुषामुळे येतो. वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय, म्हणून दोषाला जागाच नाही. तर्क स्वच्छ आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, वेदाला कर्ता मानतात, पण तो ईश्वर, आणि त्याच्या आप्तत्वावर (विश्वासार्हतेवर) प्रामाण्य उभं करतात. तुमच्या ग्रंथात मात्र जागोजागी माणसं सह्या करताहेत. रोमकरांस पत्रात लेखनिक तर्तियसही मध्येच 'मीही सलाम सांगतो' म्हणतो. कर्ता इतका ठळक असताना अपौरुषेयासारखी निर्दोषता मागणं, हे मला तुमच्या परंपरेच्या स्वभावाशी विसंगत वाटतं. चुकत असेन तर सांगा.

---

वसईचा_वारा

चुकत नाही. आमचा देवच माणूस झाला. दमला, झोपला, विहिरीवर पाणी मागितलं.

---

दृढपाया

आणि तरी निष्पाप राहिला. हेच उदाहरण माझ्या बाजूने आहे! वचन देहधारी झालं आणि पापाविना होतं, तर लिखित वचन मानवी असूनही चुकीविना का असू नये?

---

रानवाट

पाप आणि चुकणं एक नव्हे, ब्रदर. तो ज्ञानाने वाढला असं लूक २:५२ म्हणतं. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्क १३:३२ मध्ये तो स्वतः सांगतो. त्याने न जाणणं पत्करलं. त्याचं माणूसपण मी असं समजतो.

---

पावसाळी

सगळ्यांना सलाम. मी रविवारच्या शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. दावीद आणि गल्याथ झाल्यावर एका मुलीने २ शमुवेल २१:१९ दाखवलं. तिथे गल्याथाला एलहानान मारतो. तिने घरी स्वतः वाचून काढलं होतं. मी पुढच्या वेळी सांगते म्हटलंय. तुम्ही काय सांगाल?

---

दृढपाया

ताई, १ इतिहास २०:५ सोबत वाचा. तिथे एलहानान गल्याथाच्या भावाला, लहमीला मारतो. शमुवेलच्या मजकुरात नकल करताना गडबड झालेली दिसते. त्या वचनात बापाच्या नावाला जो 'ओरगीम' जोडला आहे, तोच विणकरांचा शब्द वचनाच्या शेवटी भाल्याच्या वर्णनात पुन्हा आहे, म्हणजे ओळ घसरली असणार. पण तिला गप्प करू नका. दोन्ही वचनं तिच्याकडूनच वर्गात वाचून घ्या.

---

जुनी_पोथी

ओळ घसरली हे बहुधा खरं आहे. भाऊ मात्र इतिहासकाराने मेळ घालण्यासाठी आणला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. किंग जेम्स आवृत्तीच्या भाषांतरकारांनी तर शमुवेलमध्येही 'चा भाऊ' हे शब्द तिरप्या अक्षरांत घातले. त्या मुलीला हे तिन्ही सांगा, तिला झेपेल.

---

पावसाळी

सांगते. तिच्या आईला आधी फोन करते, कारण घरी तिला 'असले प्रश्न विचारायचे नसतात' म्हणून रागावलेत असं कळलं.